उबंटूवर चित्रफिती चालत नाहीत : नवशिकीचे तीन प्रश्न

जुनीवही | ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:१२

नमस्कार. विंडोज १० ला मिळणारी मोफत अद्यतने १४ ऑक्टोबरला थांबली आणि माझ्या २०१४ सालच्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत धाडस करून त्यावर उबंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली बसवली. यंत्रात चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे. इंटरनेट, छपाई आणि मराठी टंकलेखन हे सारे अपेक्षेपेक्षा सुरळीत चालले आहे. चित्रफितींपाशी मात्र मी तीन दिवस अडकून पडले आहे.

पहिली अडचण अशी की आमच्या जुन्या कॅमेऱ्यातल्या एमपी४ फाईल उघडल्या की उबंटूतला ‘व्हिडिओज’ हा प्रोग्राम ‘एच.२६४ हाय प्रोफाइल डिकोडर’ आणि ‘एमपीईजी-४ एएसी डिकोडर’ हवे असल्याचे सांगतो आणि तिथेच थांबतो. दुसरी अडचण भाच्याने आयफोनवर काढलेल्या मुंजीच्या चित्रफितीची आहे. तिच्या नावापुढे एमओव्ही असे होते, ते बदलून मी एमपी४ करून पाहिले, पण काहीही फरक पडला नाही. तिसरी अडचण २००३ सालच्या आमच्या लग्नाच्या दोन व्हीसीडींची. त्यांवरच्या डीएटी फाईल लॅपटॉपवर उतरवायला घेतल्या की ‘इनपुट/आउटपुट एरर’ येते.

ज्या दुकानातून मी लॅपटॉपची दुरुस्ती करून घेते, तिथे ‘लिनक्सवर व्हिडिओ चालतच नाहीत, विंडोज परत टाका’ असे ऐकून आले. हे खरे असेल तर कृपया स्पष्ट सांगावे.

तांबडामुरूम | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

व्हीएलसी बसवा आणि निश्चिंत व्हा. मी दहा वर्षांत दुसरा प्रोग्राम वापरलेला नाही.

अर्धविराम | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

दुकानात जे सांगितले ते खरे नाही. जगातल्या बहुतेक चित्रफिती वाचू शकणारा एफएफएमपेग हा संच फाब्रीस बेलार यांनी २००० साली सुरू केला, आणि तो लिनक्सवरच्या लोकांच्या रोजच्या वापरात आहे. तांबडामुरूम यांचा सल्लाही चुकीचा नाही, पण त्याने तुमची पहिलीच अडचण सुटेल आणि ती का सुटली हे कळणार नाही. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असतात. रुमालाची गाठ सोडता आली म्हणजे आतली मोडी वाचता येतेच असे नाही. चित्रफितीचेही तसेच असते. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय हे निरनिराळ्या प्रकारचे रुमाल आहेत. आत चित्राचा एक आणि आवाजाचा एक, कधी उपशीर्षकांचाही एक, असे स्वतंत्र कागद असतात आणि प्रत्येक कागदाची आपापली लिपी असते, जिला कोडेक म्हणतात. एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या चित्राच्या लिप्या. एएसी, एमपी३, ओपस या आवाजाच्या. एकाच एमपी४ रुमालात एच.२६४ असू शकते आणि एचईव्हीसीही असू शकते. तुम्ही एमओव्हीचे एमपी४ केले, तेव्हा रुमालावरची चिठ्ठी तेवढी बदलली. आतली मोडी मोडीच राहिली. त्यामुळे ‘माझी एमपी४ चालत नाही’ या वाक्यातून मदत करणाऱ्याला फारसे काही कळत नाही. तुमच्या उबंटूने मात्र लिपीचे नाव नेमके सांगितले आहे, हे आपले नशीब.

आता उबंटूला एच.२६४ का येत नव्हते ते पाहू. हे मानक २००३ सालचे असून त्यावर पुष्कळ पेटंटे होती आणि ती वापरण्यासाठी परवाना शुल्क ठरलेले होते. फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रणालीला प्रत्येक प्रतीमागे असे शुल्क भरणे शक्य नसते. म्हणून असे डिकोडर, म्हणजे लिपी वाचणारे भाग, स्थापनेच्या मूळ संचात न घालता उबंटूच्या इंटरनेटवरच्या भांडारात वेगळे ठेवायचे आणि ते उतरवून घेण्याचा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवायचा, अशी वहिवाट पडली. उबंटू बसवताना ‘अतिरिक्त माध्यम स्वरूपांसाठी पाठबळ उतरवून घ्या’ अशा अर्थाचा एक चौकोन येतो. तो बहुधा तुमच्याकडून कोरा राहिला असावा. बहुतेकांकडून तो राहतोच, कारण त्या क्षणी सगळे लक्ष ‘माझी हार्ड डिस्क पुसली जाणार नाही ना’ या धास्तीत असते.

उपाय एका आज्ञेचा आहे. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज’ ही आज्ञा द्यावी. इथे मी ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहे. प्रत्यक्षात सर्व अक्षरे रोमन आणि लहान (स्मॉल) हवीत, आणि शेवटच्या नावातल्या जोडरेघा विसरू नयेत. पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीही उमटत नाही. तसे ते मुद्दामच ठेवलेले आहे. टंकून एंटर दाबावे.

शेवंती | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

अर्धविराम यांच्या उत्तराला एक पुरवणी जोडते, कारण याच ठिकाणी मी स्वतः पाऊण तास बसून राहिले होते. त्या संचाबरोबर मायक्रोसॉफ्टचे काही टंकही (फॉन्ट) येतात आणि त्यांचा करारनामा टर्मिनलमध्येच एका करड्या चौकटीत उघडतो. खाली ‘ओके’ दिसते, पण माऊसने ते दाबले जात नाही. टॅब कळ दाबून ‘ओके’ ठळक करायचे, मग एंटर. पुढच्या चौकटीत पुन्हा टॅबने ‘येस’वर जाऊन एंटर. मी घाबरून खिडकीच बंद केली आणि मग स्थापना अर्धवट राहिल्याच्या नव्या तक्रारी ओढवून घेतल्या. तसे झालेच तर ‘सुडो डीपीकेजी’ लिहून, एक जागा सोडून, दोन जोडरेघांनंतर ‘कॉन्फिगर’ आणि पुन्हा एक जागा सोडून एक जोडरेघ व लहान ‘ए’ अशी आज्ञा द्यावी. अडलेले काम तिथून पुढे सुरू होते.

जुनीवही | ९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:५५

आपणा दोघांची आभारी आहे. करड्या चौकटीपाशी शेवंती यांची आठवण झाली आणि टॅब दाबला. कॅमेऱ्यातल्या सगळ्या चित्रफिती आता ‘व्हिडिओज’मध्ये चालतात. विशेष म्हणजे फोल्डरमध्ये त्यांची छोटी चित्रेही दिसू लागली, जी आधी दिसत नव्हती.

मुंजीची चित्रफीत मात्र अजून त्रास देते. आता ती उघडते, आवाज नीट येतो, पण चित्र दर दोन सेकंदांनी थबकते आणि पंख्याचा आवाज इतका वाढतो की शेजारच्या खोलीत ऐकू जातो. तांबडामुरूम यांच्या सांगण्याप्रमाणे व्हीएलसीही बसवला. त्यातही तेच होते.

अर्धविराम | ९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

छोटी चित्रे दिसू लागली याचे कारण सांगतो, म्हणजे ‘नुसते व्हीएलसी का पुरत नाही’ हेही उलगडेल. उबंटूवर माध्यमे हाताळणारी दोन घराणी शेजारी शेजारी नांदतात. ‘व्हिडिओज’ आणि फोल्डरमधली छोटी चित्रे जीस्ट्रीमर या घराण्यावर अवलंबून असतात, तर व्हीएलसी आणि एमपीव्ही हे चित्रफिती दाखवणारे प्रोग्राम एफएफएमपेगच्या घराण्यातले. व्हीएलसी बसवला की त्याला लागणारे डिकोडर त्याच्यासोबत येतात, पण जीस्ट्रीमरच्या ताटात काही वाढले जात नाही. आपण आज जो संच घातला त्याने ते ताट भरले.

आता मुंजीची चित्रफीत. ती व्हीएलसीमध्ये चालू असताना कंट्रोल आणि जे या कळा एकत्र दाबा. आतल्या प्रत्येक कागदाची लिपी, लांबी-रुंदी आणि दर सेकंदाच्या चित्रांची संख्या दिसेल. ती इथे लिहा.

जुनीवही | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

चित्रापुढे ‘एमपीईजी-एच पार्ट२/एचईव्हीसी’, ३८४० × २१६०, दर सेकंदाला ३० चित्रे असे दिसते. आवाजापुढे एएसी आहे. चित्रफीत १२ मिनिटांची असून फाईल सुमारे २ जीबीची आहे.

लोखंडीपूल | १० नोव्हेंबर, सकाळी ७:४५

इथे मी उत्तर देतो, कारण हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. तुमच्या लिनक्समध्ये आता काहीही उणे राहिलेले नाही. लिपी वाचता येते आहे; वाचणाऱ्याची गती कमी पडते आहे.

एचईव्हीसी हे मानक २०१३ सालचे आहे. एच.२६४ च्या तुलनेत तेवढ्याच दर्जाचे चित्र ते पुष्कळ कमी जागेत बसवते, पण ते उलगडताना गणितही पुष्कळ जास्त करावे लागते. ३८४० × २१६० म्हणजे एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके, तेही सेकंदाला ३० वेळा. हे काम मुख्य प्रोसेसरवर टाकले तर दोन गाभ्यांचा (कोअर) आय-३ दमतो आणि पंखा ओरडू लागतो. म्हणून चिपमध्येच चित्रे उलगडण्याचा वेगळा विभाग ठेवलेला असतो. हा विभाग घडवताना ज्या लिप्या त्यात कोरल्या, तेवढ्याच त्याला येतात. नंतर कुठलेही अद्यतन करून नवी लिपी शिकवता येत नाही. इंटेलच्या चिपमध्ये ८ बिटांची एचईव्हीसी उलगडण्याची पूर्ण सोय सहाव्या पिढीपासून म्हणजे २०१५ पासून आली, १० बिटांची सातव्या पिढीपासून, आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे, म्हणजे एच.२६४ त्याला यंत्रातच येते आणि एचईव्हीसी येत नाही.

खात्री करायची असेल तर ‘व्हीएइन्फो’ नावाचा छोटा प्रोग्राम बसवून चालवावा. तो चिपला येणाऱ्या लिप्यांची यादी देतो. ज्या ओळीच्या शेवटी ‘व्हीएलडी’ असे असते ती लिपी उलगडता येते; ‘एन्कस्लाइस’ असे असेल तर ती लिहिता येते. नवशिके हा फरक पाहत नाहीत आणि यादीत नाव दिसले की आनंदतात. तुमच्या यादीत एच.२६४ असेल, एचईव्हीसी नसेल.

मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग भाच्याला सांगण्याचा. आयफोनवर २०१७ च्या आयओएस ११ पासून एचईव्हीसी हीच नेहमीची लिपी ठरली आहे. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की पुढच्या चित्रफिती एच.२६४ मध्ये निघतात. मुंज काही पुन्हा होणार नाही, त्यामुळे हाती असलेल्या फितीसाठी दुसरा मार्ग, म्हणजे लिप्यंतर. हँडब्रेक हा प्रोग्राम बसवा, चित्रफीत त्यात टाका, ‘फास्ट १०८०पी३०’ ही तयार मांडणी निवडा आणि रात्री झोपताना काम लावून द्या. निघणारी फाईल एच.२६४ ची असेल आणि तुमच्या पडद्यासाठी १०८० ओळी पुरेशा आहेत. मूळ फाईल मात्र पुसू नका. लिप्यंतरात दर वेळी थोडा दर्जा जातोच आणि उद्या नवे यंत्र घेतलेत की मूळ फीत हवी असेल.

तांबडामुरूम | १० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

मान्य. माझा लॅपटॉप दहाव्या पिढीचा आहे, म्हणून व्हीएलसीच सर्व काही करतो असे मला इतकी वर्षे वाटत होते.

शेवंती | १० नोव्हेंबर, सकाळी १०:०२

लोखंडीपूल, जुन्या यंत्रावर व्हीएलसीपेक्षा एमपीव्ही हलका पडतो असा माझा अनुभव आहे. तो चालू असताना ‘आय’ ही कळ दाबली की किती चित्रे गळली हे आकड्यांत दिसते आणि कंट्रोल-एच दाबून चिपची मदत चालू-बंद करता येते. यंत्र कमी पडते की फाईल सदोष आहे, हे त्यावरून लवकर कळते.

लोखंडीपूल | १० नोव्हेंबर, सकाळी १०:३०

अगदी योग्य. सदोष फाईलचेही लक्षण सांगून ठेवतो. एमपी४ मध्ये कोणता कागद कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका पुष्कळदा फाईलच्या शेवटी लिहिली जाते. डाउनलोड अर्धवट तुटले, किंवा चित्रण चालू असताना फोनची बॅटरी संपली, तर ती अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही आणि मग ९५ टक्के मजकूर असूनही कुठलाच प्रोग्राम फाईल उघडू शकत नाही. अशा वेळी कोडेकांचे संच पुन्हा पुन्हा बसवण्यात अर्थ नसतो. फाईल नव्याने मागवावी.

कावेरीकाठ | १० नोव्हेंबर, दुपारी ३:१८

धाग्याच्या विषयाला धरूनच विचारतो. मी बंगळूरला राहतो. मुलांना आजीचे बोलणे समजावे म्हणून काही घरगुती चित्रफितींना मी मराठी उपशीर्षके केली आहेत. लिनक्सवरच्या व्हीएलसीमध्ये एका फाईलची उपशीर्षके नुसते चौकोन दाखवतात, आणि फार पूर्वी दुसऱ्याकडून टंकून घेतलेल्या फाईलची तर ‘¶’ आणि ‘§’ अशी चित्रविचित्र चिन्हे येतात. दोन्हींवर उपाय एकच आहे का?

अर्धविराम | १० नोव्हेंबर, सायंकाळी ५:४०

उपाय वेगवेगळे आहेत. चौकोन दिसतात तेव्हा मजकूर बरोबर असतो, पण निवडलेल्या टंकात देवनागरी नसते. ‘लोहित देवनागरी’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ बसवा आणि व्हीएलसीच्या प्राधान्यांत, उपशीर्षकांच्या पानावर, तोच टंक निवडा.

चित्रविचित्र चिन्हे हा जुना घोळ आहे. फाईल युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या आजच्या समान संकेतात असेल आणि प्रोग्रामने ती भलत्याच सांकेतिक पद्धतीने वाचली असेल, तर त्याच पानावर ‘यूटीएफ-८’ निवडल्याने काम होते. पण युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या टंकात ती टंकली असेल, तर फाईलमध्ये मुळात देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. डीटीपीच्या दुकानांतून आलेला जुना मराठी मजकूर बहुतेक असाच असतो. त्यासाठी त्या विशिष्ट टंकाचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. थोडीच वाक्ये असतील तर पुन्हा टंकणे बरे. परिवर्तक रफार आणि जोडाक्षरांत घोळ घालतात आणि ते दुरुस्त करण्यात तेवढाच वेळ जातो.

जुनीवही | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

काल रात्री हँडब्रेक लावला. १२ मिनिटांच्या चित्रफितीला सव्वा तास लागला, पण आता ती थबकत नाही आणि पंखाही शांत असतो. भाच्याला फोनची ती सेटिंग कळवली आहे. व्हीएइन्फोची यादी लोखंडीपूल यांनी सांगितली तशीच निघाली.

आता व्हीसीडी राहिल्या. तबकड्यांवर ओरखडे फारसे नाहीत, तरी फाईल उतरत नाहीत. विंडोजवर त्या उतरत असत, एवढे मला नक्की आठवते.

लोखंडीपूल | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

तुमची आठवण बरोबर आहे, आणि तबकड्याही बहुधा चांगल्या आहेत. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक तुकड्यात २०४८ बाइट मजकूर असतो आणि उरलेली जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीवर ७४ मिनिटांची फीत बसवायची म्हणून चित्राच्या तुकड्यांत ही दुरुस्तीची जागाही मजकुराला दिली आणि प्रत्येक तुकड्यात २३२४ बाइट भरले. लिनक्स त्या तबकडीकडे साधी डेटा सीडी म्हणून पाहते, २०४८ चे तुकडे मागते, ते मिळत नाहीत, आणि तक्रार करते. विंडोज अशा तुकड्यांवर आपले एक वेष्टन चढवून देत असे, म्हणून तिथे ती साधी फाईल वाटायची. तबकडीवर दिसणारी डीएटी फाईल ही खऱ्या अर्थाने फाईल नाहीच.

म्हणून फोल्डर उघडून प्रत काढायचा नाद सोडा. नुसते पाहायचे असेल तर व्हीएलसीच्या मीडिया यादीत ‘ओपन डिस्क’ घेऊन ‘एसव्हीसीडी/व्हीसीडी’ निवडा. उतरवून ठेवायचे असेल तर ‘व्हीसीडीइमेजर’ हा संच बसवा. त्यात ‘व्हीसीडीएक्सरिप’ नावाची आज्ञा असते, ती तबकडीवरून सरळ एमपीजी फाईल काढून देते. चित्र ३५२ × २८८ एवढेच असेल. ते मोठे करण्यासाठी हँडब्रेकमधून पुन्हा काढू नका. नसलेला तपशील कुठून येणार नाही, आणि असलेला थोडा पुसला जाईल.

तांबडामुरूम | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

लग्नाच्या डीव्हीडीही अशाच अडतात का? आमच्याकडे २००९ सालची एक आहे.

अर्धविराम | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

सहसा नाही. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या डीव्हीडींना कुलूप असते आणि ते उघडणारा ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ वेगळा बसवावा लागतो. लग्नाची चित्रफीत करणाऱ्या स्टुडिओकडे कुलूप घालण्याची व्यवस्था नसते, त्यामुळे त्या डीव्हीडी व्हीएलसीमध्ये सरळ चालतात आणि त्यांवरच्या चित्रफितीच्या व्हीओबी फाईलही साध्या फाईलींसारख्या उतरतात.

कावेरीकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ९:३०

चौकोन गेले. दुसऱ्या फाईलची ६० वाक्ये पुन्हा टंकून काढली. माझ्या यंत्रावर फेडोरा ही दुसरी लिनक्स प्रणाली आहे; वरचा उबंटूचा संच तिथे मिळत नाही, म्हणून ‘आरपीएम फ्यूजन’ हे भांडार जोडून कोडेक घेतले. फेडोराने २०२२ साली आपल्या ३७ व्या आवृत्तीत एएमडीच्या चिपांसाठी वापरल्या जाणाऱ्या मेसा या संचातून एच.२६४ आणि एचईव्हीसी उलगडण्याची चिपची मदतही कायदेशीर कारणांनी काढून टाकली आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी त्याच भांडारातला ‘फ्रीवर्ल्ड’ नावाचा मेसा चालक (ड्रायव्हर) घ्यावा.

जुनीवही | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

पहिली व्हीसीडी संपूर्ण उतरली. दुसरी ३१ व्या मिनिटाला अडते, आणि तीही ऐन मंगलाष्टकांच्या मध्ये. मऊ कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे पुसून तीन वेळा पाहिले, तिन्ही वेळा तिथेच थांबली. माझ्या लॅपटॉपमधला ड्राइव्ह अकरा वर्षांचा आहे. बहिणीकडे यूएसबीने जोडायचा नवा ड्राइव्ह आहे, तो रविवारी आणते आणि त्यात लावून बघते. तोवर धागा उघडा राहू द्यावा ही विनंती.